तेरावा सद्‌गुण

छापखान्यात काम करणाऱ्या माणसाच्या नाकाला शाई लागली, तर ती त्याला दिसत नाही. समोरच्याला मात्र लगेच दिसते. समोरचा माणूस भिडस्त असला, तर तो मनातल्या मनात हसून गप्प बसतो आणि आपला गृहस्थ काळे नाक घेऊन दिवसभर गावात हिंडतो. स्वभावाचेही असेच आहे. आपल्या बोलण्यातला ताठा, वागण्यातला तुसडेपणा सगळ्या जगाला ठाऊक असतो. ठाऊक नसतो तो फक्त आपल्याला. तो कोणीतरी दाखवावा लागतो, आणि दाखविल्यावर आपण तो पाहावाही लागतो. अठराव्या शतकात अमेरिकेत होऊन गेलेल्या एका मुद्रकाच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी घडल्या. त्याचे नाव बेंजामिन फ्रँकलिन.

वादळात पतंग उडवून आकाशातली वीज ही विद्युतच आहे हे दाखविणारा शास्त्रज्ञ म्हणून आपण त्याला शालेय पुस्तकापासून ओळखतो. अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि तिची राज्यघटना या दोन्हींवर त्याची सही आहे. परंतु या लेखात त्या पराक्रमांत फारसे शिरायचे नाही. लोकांना आपण कसे दिसतो हे या माणसाला कसे कळत गेले आणि कळल्यावर त्याने काय केले, एवढेच पाहायचे आहे.

१७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टन येथे त्याचा जन्म झाला. वडील जोसाया साबण आणि मेणबत्त्या करीत. त्यांच्या सतरा अपत्यांपैकी हा पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षे झाली, आणि बाराव्या वर्षी तो थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात उमेदवार म्हणून लागला. वाचनाचे वेड होतेच, वादाचेही होते. कॉलिन्स नावाच्या मित्राशी, मुलींना शिक्षण द्यावे की न द्यावे, यावर त्याचा पत्रांतून वाद चालला होता. बेंजामिन शिक्षणाच्या बाजूने होता. ही पत्रे वडिलांच्या हाती पडली. कोणाचा पक्ष खरा यात ते शिरलेच नाहीत. शुद्धलेखनात मुलगा सरस आहे, पण भाषेचा डौल, मांडणी आणि स्पष्टता यांत मित्र त्याच्या पुढे आहे, हे त्यांनी पत्रांतील जागा दाखवून सांगितले. मुलगा रुसला नाही. लंडनच्या 'स्पेक्टेटर'चा एक जुना खंड त्याने मिळविला. त्यातील निबंधांची टिपणे काढावी, काही दिवस ती बाजूला ठेवावी, मग आपल्या शब्दांत निबंध पुन्हा लिहून मुळाशी ताडून पाहावा आणि आपल्या चुका दुरुस्त कराव्या, असा क्रम त्याने सुरू केला.

१७२२ साली, सोळाव्या वर्षी, आणखी एक मौज घडली. भावाच्या वर्तमानपत्रासाठी त्याने एका प्रौढ विधवेच्या नावाने पत्रे लिहिली आणि ती रात्री गुपचूप छापखान्याच्या दाराखालून आत सरकविली. भावाच्या मित्रमंडळींत ती वाचली गेली, वाखाणली गेली, आणि लेखक कोण असावा याचे तर्क सुरू झाले. गावातील विद्वानांची नावे निघाली. कोपऱ्यात काम करणाऱ्या पोराचे नाव अर्थातच कोणाच्या तोंडी आले नाही! आपल्याविषयी लोक आपल्या माघारी काय बोलतात हे समोर उभे राहून ऐकण्याचा योग फार थोड्यांना येतो.

स्तुतीने डोके थोडे वर गेले. त्याच सुमारास सॉक्रेटिसाची प्रश्न विचारण्याची पद्धत त्याच्या वाचनात आली. नम्रपणे एकामागून एक प्रश्न विचारीत समोरच्याला अशा कोंडीत आणायचे, की त्याला स्वतःच्याच बोलण्यातून सुटता येऊ नये. या खेळात तो तरबेज झाला. आपल्याहून जाणत्या माणसांनाही तो निरुत्तर करी. मात्र नम्रता इथे जाळ्यासारखी वापरली जात होती.

भावाशी पटेना, म्हणून १७२३ साली तो पळून फिलाडेल्फियाला आला. प्रवासाने मळलेले कपडे, खिशांत कोंबलेले सदरे आणि मोजे, दोन्ही काखांत एकेक मोठा पाव आणि तिसरा खाण्यासाठी हातात, अशा थाटात तो रस्त्याने चालला होता. दारात उभ्या असलेल्या एका मुलीने त्याला पाहिले आणि हे ध्यान तिला हास्यास्पद वाटले. ही डेबोरा रीड. १७३० साली ती त्याची पत्नी झाली. पुढे आत्मचरित्र लिहिताना त्याने हा प्रसंग, तिच्या नजरेला आपण कसे दिसलो यासह, नोंदवून ठेवला आहे.

फिलाडेल्फियात त्याचा जम बसला. १७२७ साली त्याने 'जंटो' नावाचे मित्रांचे चर्चामंडळ काढले, १७२९ साली वर्तमानपत्र हाती घेतले आणि १७३१ साली वर्गणीवर चालणारे ग्रंथालय उभारले. या ग्रंथालयाची वर्गणी मागत हिंडताना त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. ज्या कामामुळे शेजाऱ्याहून आपले नाव थोडेही मोठे होण्याचा संभव असतो, ते काम आपण स्वतःचे म्हणून पुढे मांडले की लोक हात आखडतात. तेव्हा त्याने स्वतःला मागे घेतले आणि ही काही मित्रांची योजना आहे असे सांगू लागला. काम सुरळीत झाले.

तिशीच्या आसपास असताना त्याने स्वतःला सुधारण्याचा मोठाच बेत आखला. मिताहार, मौन, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर, उद्योग, सचोटी, न्याय, समतोल, स्वच्छता, शांती आणि ब्रह्मचर्य अशा बारा सद्‌गुणांची त्याने यादी केली. एक छोटी वही करून तिच्या पानांवर आठवड्याच्या सात वारांचे रकाने आखले. दिवसभरात ज्या गुणाविरुद्ध चूक होई, त्याच्यासमोर काळा ठिपका द्यायचा. दर आठवड्याला एका गुणाकडे विशेष लक्ष. मुद्रकाची शिस्त त्याने मनालाही लावून पाहिली.

यादी पुरी झाली असे त्याला वाटत होते. तेवढ्यात एका क्वेकर मित्राने त्याला स्नेहाने सांगितले, की लोक तुला गर्विष्ठ समजतात. वादात आपले म्हणणे खरे ठरले एवढ्याने तुझे समाधान होत नाही. समोरच्याला तू दडपून टाकतोस, त्याचा उपमर्द करतोस. फ्रँकलिनला हे पटेना, तेव्हा मित्राने प्रसंगांमागून प्रसंग सांगितले. मग मात्र नाकारता येईना. स्वतःचे दोष शोधायला बसलेल्या माणसाने बारा रकाने आखले होते, आणि जो दोष गावाला सर्वांत आधी दिसत होता त्याचा रकानाच त्यात नव्हता! त्याने वही उघडली आणि तेरावा सद्‌गुण लिहिला : नम्रता.

नम्रता मनात उतरविणे कठीण; निदान जिभेवर तरी उतरवावी, असे त्याने ठरविले. 'खचित', 'निःसंशय' अशा अर्थाचे शब्द त्याने बोलण्यातून वर्ज्य केले. त्याऐवजी, मला असे वाटते, सध्या तरी मला असे दिसते, अशी बोलण्याची रीत धरली. दुसऱ्याचे चुकले असे वाटले तरी तोंडावर खोडून काढायचे नाही. काही परिस्थितीत तुमचे म्हणणे बरोबर ठरेल, पण इथे थोडा फरक दिसतो, असे म्हणायचे. जंटोतही ठाम विधाने आणि सरळ खंडन यांवर किरकोळ दंड बसविण्यात आला होता. प्रथम हे सारे जिवावर येई. हळूहळू अंगवळणी पडले. आपण चांगले वक्ते नव्हतो, शब्दांसाठी अडखळत असू. तरीही सभांमध्ये आपल्या मताला वजन आले ते या सवयीमुळे, असे त्याने पुढे नमूद केले आहे.

इथे वाचक विचारील, की हे ढोंग नव्हे काय? प्रश्न रास्त आहे, आणि गंमत अशी की तो फ्रँकलिनलाही पडला होता. १७८४ साली फ्रान्समधील पासी येथे या प्रकरणाविषयी लिहिताना त्याने मोकळेपणी कबूल केले, की नम्रतेचा देखावा आपल्याला बराच साधला, नम्रता साधली असे म्हणवत नाही. अहंकार मरत नाही. तो पुरता जिंकला असे वाटले, तर त्या नम्रतेचाच गर्व होईल.

पण नुसत्या देखाव्याचाही एक उपयोग होतो. तोंड आवरले की कान मोकळे होतात. १७५१ साली लिहिलेल्या एका निबंधात फ्रँकलिनने पेनसिल्व्हेनियात आलेल्या जर्मन लोकांविषयी तुच्छतेचे शब्द वापरले होते आणि निग्रो गुलाम हे स्वभावतःच चोर असतात असे म्हटले होते. त्याच्या घरी गुलाम होते. त्याच्या पत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. हे झाकून त्याचे चरित्र सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. जर्मनांविषयीचे शब्द विरोधकांनी १७६४ च्या निवडणुकीत बाहेर काढले आणि तो पडला. त्याआधी १७६३ साली त्याने फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय मुलांची शाळा पाहिली. गोऱ्या मुलांइतकीच तल्लख असलेली ती मुले पाहून आपले आधीचे मत चूक होते, हे त्याने लिहून कळविले. १७६९ साली तो निबंध पुन्हा छापला गेला, तेव्हा चोरीचे कारण गुलामांचा स्वभाव नसून गुलामगिरी हेच आहे, अशी दुरुस्ती त्याने केली. शब्द थोडेच बदलले. पण दोष माणसांवरून काढून व्यवस्थेवर ठेवला गेला.

प्रत्येक आरसा मात्र खरा नसतो. २९ जानेवारी १७७४ रोजी लंडनमध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे वेडरबर्न नावाच्या सरकारी वकिलाने सुमारे तासभर त्याची निर्भर्त्सना केली. मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नराची खासगी पत्रे त्याने बोस्टनला पाठविली, हे निमित्त. सभागृहात हशा पिकत होता. फ्रँकलिन एक शब्दही न बोलता ताठ उभा राहिला. क्वेकर मित्राने एकांतात बोलून दाखले दिले होते. वेडरबर्नला टाळ्या हव्या होत्या. पहिल्याचे त्याने ऐकले, दुसऱ्याचे केवळ सोसले.

आणि एक आरसा असा होता की त्यासमोर तो कधी नीट उभाच राहिला नाही. तो आरसा घरातला. १७६४ साली तो लंडनला गेला, तो दहा वर्षे परतला नाही. डिसेंबर १७७४ मध्ये डेबोरा त्याच्या गैरहजेरीतच वारली. मुलगा विल्यम न्यू जर्सीचा गव्हर्नर होता. स्वातंत्र्ययुद्धात तो इंग्लंडच्या राजाच्या बाजूने राहिला आणि बापलेकांचे फाटले. १७८४ साली, म्हणजे नम्रतेवरचे ते प्रकरण लिहिले त्याच वर्षी, मुलाने समेटाचे पत्र पाठविले. उत्तर आले, पण मन वळले नाही. पुढल्या वर्षी साउदॅम्प्टनला दोघे भेटले, ते शेवटचेच. मृत्युपत्रात मुलाच्या वाट्याला जवळजवळ काहीच आले नाही. साऱ्या गावाशी, सध्या तरी मला असे वाटते, अशा शब्दांत बोलणाऱ्या माणसाला पोटच्या मुलाशी तसे बोलता आले नाही.

तथापि तेरावा रकाना व्यर्थ गेला नाही. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना परिषद भरली, तेव्हा तो ८१ वर्षांचा होता. १७ सप्टेंबरला, शेवटच्या दिवशी, त्याचे भाषण दुसऱ्या सभासदाने वाचून दाखविले. या घटनेतील सर्वच भाग मला आज पसंत नाहीत, असे त्याने म्हटले. पण दीर्घ आयुष्यात अनेकदा आपली पक्की मते बदलावी लागली, तेव्हा इतरांनीही आपल्या अचूकपणाविषयी थोडी शंका बाळगून सही करावी, अशी त्याची विनंती होती. त्याच वर्षी तो गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला, आणि फेब्रुवारी १७९० मध्ये गुलामगिरी बंद करण्यासाठी त्याच्या सहीचा अर्ज काँग्रेसपुढे गेला. १७ एप्रिल १७९० रोजी, ८४ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

प्रस्तुत लेखक वादविवाद मंडळाचा जुना सभासद आहे. गेल्या वर्षी एका स्पर्धेत ढाल जिंकून परत येताना एक मित्र बसमध्ये म्हणाला, की तू बोलतोस छान, पण तुझ्याशी बोलायला कोणी येत नाही. त्या वेळी राग आला आणि दाखला विचारला. त्याने तीन दिले. तिन्ही खरे होते. त्यानंतर ग्रंथालयात हे आत्मचरित्र हाती पडले. वही अजून आखलेली नाही. पण त्या मित्राला, आणखी काही दिसते का, असे विचारायचे ठरविले आहे. घरीही विचारायला हवे. तिथे विचारणे जड जाते, हे फ्रँकलिनच्या चरित्रावरून दिसतेच.