जुन्या यंत्राचे वय आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत जुनी शेतजमीन विकत घेणाऱ्या शहरी कुटुंबाला जमिनीबरोबर कधी कधी एखादी पडवीही मिळते. तिच्या कोपऱ्यात गंजलेला लोखंडी नांगर, पाणी उपसणारे तेलाचे इंजिन किंवा बागेत चालवायचा लहानसा ट्रॅक्टर पडलेला असतो. तो किती वर्षांचा, हे कोणालाच ठाऊक नसते. भंगारवाला मात्र त्याचे वजन लगेच सांगतो. अशा यंत्रांचे वय जाणून घ्यायचे, तर महाराष्ट्रात त्यांची परंपरा ज्यांनी रुजवली त्या लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या आयुष्याकडे वळावे लागते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले; परंतु दृष्टीत रंगांधळेपणाचा दोष असल्याचे लक्षात आल्यावर रंगकाम सोडून त्यांनी यंत्रांची रेखाटने शिकण्यास प्रारंभ केला. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी अध्यापनही केले. हक्काची बढती डावलली गेल्यावर नोकरीचा राजीनामा देऊन ते बेळगावला परतले. तेथे बंधू रामूअण्णांसमवेत १८८८ पासून सायकलींचा व्यवसाय सुरू झालेला होता.

सायकलींच्या दुकानातून लक्ष्मणराव शेती अवजारांकडे वळले. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यानंतर १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर त्यांनी तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. सुरुवातीचे नांगर दीर्घकाळ विक्रीविना पडून राहिले. लक्ष्मणराव खचले नाहीत. झिजलेला फाळ बदलून नवा बसवता येईल, संपूर्ण नांगर टाकून द्यावा लागणार नाही, याची त्यांनी काळजी घेतली. शेतकऱ्याचा विश्वास हळूहळू बसला.

बेळगावातील कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावून आले. कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई निर्माण झाली असता कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर घडवले गेले, अशी आठवण सांगितली जाते. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी कारखान्याचे वृत्त देणारे ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू झाले. पुढील पिढीने पंप आणि इंजिनांकडे मोहरा वळवला. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे तेलाच्या इंजिनांचा कारखाना उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये टपाल खात्याने तिकीट काढले.

या जीवनपटातच यंत्राचे वय ठरवण्याची एक पट्टी दडलेली आहे. ओतीव भागावर किर्लोस्करवाडीचे नाव असेल, तर तो भाग १९१० पूर्वीचा असू शकत नाही. पट्टीवरील पत्त्यात औंध संस्थानाचा उल्लेख असल्यास यंत्र संस्थान विलीन होण्याच्या, म्हणजे १९४८ च्या आधीचे मानता येते. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्ये अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. त्यामुळे जिल्ह्याचे नावही बरेच काही सांगून जाते. पिन कोड असेल, तर ती पट्टी १५ ऑगस्ट १९७२ नंतरची.

कोणत्याही कंपनीचा लहान ट्रॅक्टर पारखतानाही हीच दृष्टी उपयोगी पडते. सांगाड्यावरील अनुक्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक वेगवेगळे टिपून घ्यावेत, कारण कालांतराने इंजिन बदललेले असण्याची शक्यता असते. ओतीव भागांवरील खुणा जुळणीच्या आधीच्या असतात. मूळच्या भागांपैकी सर्वांत अलीकडचा जो भाग, त्याच्या आधी ते यंत्र तयार झालेले असणे शक्य नाही. रंग आणि टायर यांवर विसंबू नये. ते अनेकदा बदललेले असतात. लक्ष्मणरावांनी सुटे भाग बदलण्याची सोय केली, तिच्यामुळेच यंत्रे दीर्घायुषी झाली आणि त्यांचे वय सांगणे अवघडही झाले.

शहापूर-मुरबाडचा परिसर भातशेतीचा. चिखलणीच्या खाचरात हलका लाकडी नांगर सोयीचा. काळ्या जमिनीत खोल जाणाऱ्या जड लोखंडी नांगराला येथे तेवढे काम नव्हते. म्हणूनच या भागात असा नांगर आढळला, तर तो कोणी, कोठून आणि कशासाठी आणला, हा प्रश्न त्याच्या वयाइतकाच महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर गावातील वयोवृद्धांच्या स्मरणातच असू शकते. तराजूवर चढवण्यापूर्वी पट्टीवरील गंज ओल्या फडक्याने हलकेच पुसावा, अक्षरे टिपून छायाचित्र घ्यावे आणि मग त्या वृद्धांना विचारावे. एकदा वितळलेल्या लोखंडाला पुन्हा काही विचारता येत नाही.