टॅटू मशीनचे आजोबा: एडिसनचं विजेचं पेन

डोंबिवलीतल्या माझ्या मित्राने ऑनलाइन स्वस्तातलं टॅटू मशीन मागवलं आणि सरावासाठी पहिला हात मागितला तो माझाच! हात देण्याआधी मी मशीन उघडून बघितलं. छोटी मोटर आणि तिच्या फिरण्यावर खाली-वर होणारी सुई, बस्स. ही कल्पना कुणाची हे शोधत गेलो, तर सापडला थॉमस अल्वा एडिसन. हो, तोच बल्बवाला.

एडिसनचा जन्म 11 फेब्रुवारी 1847 चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. 1853 मध्ये आपल्या ठाण्यापर्यंत पहिली रेल्वे धावली, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. बाराव्या वर्षी तोही रेल्वेत चढला, पेपर आणि गोळ्या विकायला. आपल्या कल्याण लोकलमधल्या फेरीवाल्यांसारखाच. त्याला ऐकू कमी यायचं. तरी पुढे तो तारयंत्रावर काम शिकला आणि तिथेच विजेशी त्याची गट्टी जमली.

1876 मध्ये त्याने विजेच्या पेनाचं पेटंट घेतलं. पेनाच्या डोक्यावर इवलीशी मोटर, टोकाला सुई. लिहिताना सुई सेकंदाला सुमारे 50 भोकं पाडायची. त्या भोकांच्या कागदावरून शाईचा रोलर फिरवला की एकाच पत्राच्या हव्या तेवढ्या प्रती तयार! पेन कारखान्यात बनून ऑफिसांत विकलं गेलं, पण घोडं अडलं बॅटरीवर. द्रव भरलेली ती बॅटरी सांभाळताना कारकून वैतागायचे. पेन मागे पडलं.

पुढे न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायली या टॅटूवाल्याने त्याच धर्तीवर, शाईची सोय असलेलं यंत्र बनवलं आणि 8 डिसेंबर 1891 ला पेटंट मिळवलं. कागदासाठीची सुई कातडीवर आली! गंमत म्हणजे एडिसनच्या स्वतःच्या हातावरही गोंदलेले पाच ठिपके होते. 1911 च्या त्याच्या विम्याच्या कागदात तशी नोंद आहे. 18 ऑक्टोबर 1931 ला तो गेला, तेव्हा त्याच्या नावावर 1,093 अमेरिकी पेटंट होती.

आता मित्राचं मशीन. दुखणं एडिसनच्या पेनाचंच निघालं: वीजपुरवठा! सुई जरा दाबली की मंदावायची. म्हणून मशीन घेताना आधी पॉवर सप्लाय बघा. व्होल्टेज स्थिर राहायला हवं. ट्यूनिंग करताना कमी व्होल्टपासून सुरुवात करून अर्धा-अर्धा व्होल्ट वाढवा आणि सरावाच्या सिलिकॉन कातडीवर सुई अडखळायची थांबली की तिथेच थांबा. शाई साधारण दीड ते दोन मिलिमीटर खोल जायला हवी. त्याहून खोल गेली तर रेघ पसरते, जखम होते. आणि सुई दरवेळी नवी, सीलबंद. नाहीतर हिपॅटायटीस, एचआयव्हीचा धोका.

एडिसनची सुई चुकली तर कागद बदलता यायचा. हात बदलता येत नाही. मित्राला एवढं पटलं. सध्या तो सिलिकॉनवर सरळ रेघा मारतोय, आणि माझा हात कोराच आहे.