कर्मवीर भाऊराव पाटील
२२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीस जेवत. त्यांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले.

स्वातंत्र्यानंतर भाऊरावांनी केलेल्या परखड टीकेमुळे बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. खेडोपाडीच्या शाळांपुढे संकट उभे राहिले. परंतु भाऊराव नमले नाहीत. रयतेच्या वर्गणीवर शाळा चालू राहिल्या. अखेर गाडगे महाराजांनी खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान पूर्ववत झाले.

९ मे १९५९ रोजी त्यांचे देहावसान झाले. चतुर्विध दानांपैकी आहारदान व ज्ञानदान आचरून दाखविणाऱ्या या दांपत्यास अकलूजच्या सकल जैन समाजाचे विनम्र अभिवादन!