श्रीसमर्थ रामदास स्वामी : जांब ते तंजावर

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात वसलेले श्रीक्षेत्र जांब ही श्रीसमर्थांची जन्मभूमी होय. शके १५३० (इ.स. १६०८) च्या चैत्र शुद्ध नवमीस, श्रीरामजन्माच्या समयी, सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. पाळण्यातील नाव नारायण. ज्येष्ठ बंधू गंगाधरपंत पुढे श्रेष्ठ या नावाने प्रसिद्ध झाले.

वयाच्या बाराव्या वर्षी विवाहमंडपात सावधान हा शब्द कानी पडताच नारायणाने घर सोडले. नाशिकजवळील टाकळी येथे गोदावरीच्या पात्रात उभे राहून १३ कोटी रामनामाचा जप केला. १२ वर्षांच्या तपश्चर्येनंतर आणखी १२ वर्षे भारतभ्रमण घडले. या वियोगात राणूबाईंची दृष्टी गेली व पुत्र परतल्यावर ती पुन्हा लाभली, अशी श्रद्धा आहे. यानंतर श्रीसमर्थ कृष्णातीरी स्थिरावले. शके १५७० मध्ये चाफळ येथे श्रीराममंदिर उभे राहिले. अकरा मारुतींच्या स्थापनेची हकिकत भाविकांस परिचित आहेच.

त्या मानाने तंजावरचा वृत्तान्त कमी सांगितला जातो. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी इ.स. १६७५ च्या सुमारास तेथे राज्य स्थापिले. सरदार, कारकून, शास्त्री अशी असंख्य मराठी कुटुंबे कावेरीकाठी जाऊन राहिली. भोवती भाषा तमिळ व तेलुगू, देवळे निराळी, उत्सवही निराळे. अशा परमुलखात आपली उपासना व मायबोली पुढील पिढीत टिकणार कशी, हा त्या कुटुंबांपुढील खरा प्रश्न होता. श्रीसमर्थ स्वतः तंजावरास गेले व व्यंकोजीराजांनी त्यांचा अनुग्रह घेतला, असे संप्रदायात मानतात. भीमस्वामींनी तंजावर येथे, तर अनंतमौनींनी मन्नारगुडी येथे मठ चालविले. मठात मराठी कीर्तन होई. पुढे तमिळ कथेकऱ्यांनीही ती पद्धती आपलीशी केली. त्यांच्या हरिकथेत ओवी, साकी, दिंडी ही मराठी वृत्ते आली, ही विशेष आनंदाची गोष्ट होय. देवाणघेवाण एकाच बाजूची नव्हती. नागोर दर्ग्याचा उत्तुंग मनोरा तंजावरच्या प्रतापसिंहराजांनी उभारला, असे सांगतात. इ.स. १८५५ मध्ये राज्य खालसा झाले, तरी सांप्रदायिक मराठी हस्तलिखिते तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झालेली आहेत. आज अमेरिकेत अनेक धर्मीयांच्या शेजारी राहणारी मराठी कुटुंबेही मुलांकडून मनाचे श्लोक पाठ करून घेतात.

श्रीसमर्थांचा अखेरचा काळ सज्जनगडावर गेला. तंजावर प्रांतातील एका अंध मूर्तिकाराने घडविलेल्या श्रीराम, लक्ष्मण व सीतामाईंच्या मूर्ती व्यंकोजीराजांनी गडावर पाठविल्या, अशी परंपरा आहे. शके १६०३ च्या माघ वद्य पंचमीस त्या गडावर पोहोचल्या व श्रीसमर्थांनी स्वहस्ते त्यांचे पूजन केले. चारच दिवसांनी, माघ वद्य नवमीस, त्याच मूर्तींसमोर त्यांनी देह ठेवला.