सरकारचे काम कोणते? : न्यायमूर्ती रानडे आणि खानदेश

१८७९ चा उन्हाळा. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने सरकार हादरले होते आणि पुण्यातील वाड्यांना लागलेल्या आगींनी संशयाचे धुके अधिकच दाट केले होते. त्याच सुमारास सबजज्ज महादेव गोविंद रानडे यांची धुळ्यास बदली झाली. तेथे त्यांच्या टपालावर पाळत होती. बंडखोरांच्या नावाने त्यांना पत्रेही येत. रानडे ती जशीच्या तशी पोलिसांकडे पाठवून देत आणि आपल्या न्यायदानात मग्न राहत. कालांतराने संशय फिटला.

१८४२ साली निफाड येथे जन्मलेल्या रानड्यांचा सरकारशी खरा वाद निराळाच होता. करवसुली आणि बंदोबस्त एवढ्यानेच राज्यकर्त्यांचे कर्तव्य संपते काय, हा त्यांचा प्रश्न होता. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. त्यामागे रानड्यांची प्रेरणा होती.

खानदेशातही हा प्रश्न जिवंत होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचे मोल आले. युद्ध संपताच भाव कोसळले, कर्ज मात्र उरले. गिरणाकाठच्या भडगावात सरकारने प्रायोगिक शेत चालविले होते. म्हणजे सुधारणेत हात घालणे सरकारला मुळीच वर्ज्य नव्हते. प्रश्न होता तो हात कोठे आखडायचा याचा.

१८७९ मध्येच दख्खन शेतकरी कायदा झाला. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांपुरताच होता; खानदेश त्याबाहेर राहिला. कर्जरोख्यावरील आकड्यापाशी न थांबता व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार या कायद्याने न्यायालयांना दिला. १८८१ पासून रानड्यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीत भाग घेतला. १८८७ मध्ये विशेष न्यायाधीश झाल्यावर ते गावोगाव फिरून न्यायालयांची तपासणी करू लागले.

या अनुभवाचे सार १८९२ साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात उतरले. इंग्लंडमध्ये रुजलेले मुक्त व्यापाराचे नियम सर्व देशांना सारखेच लागू पडत नाहीत, असे त्यांनी सांगितले. रेल्वे कंपन्यांना व्याजाची हमी देणाऱ्या सरकारने देशी उद्योगांबाबत तटस्थतेचा मंत्र जपावा, ही विसंगती त्यांना खुपत होती. जे काम व्यक्तीला वा संघटित प्रयत्नांना तितक्या परिणामकारकपणे साधत नाही, ते राज्याने हाती घ्यावे, अशी त्यांची भूमिका होती. मात्र सर्व भार सरकारवर टाकणे हेही त्यांना मान्य नव्हते. म्हणूनच त्यांनी सभा व परिषदा उभारणीस आयुष्य वाहिले.

१८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या सरकारने त्यांच्यावर पाळत ठेवली, त्याच सरकारला त्याच्या कर्तव्याची आठवण त्यांनी पुराव्यानिशी आणि अखेरपर्यंत करून दिली. कापसाचा भाव आणि शेतकऱ्याचे कर्ज हे शब्द खानदेशात आजही जुने झालेले नाहीत. म्हणून रानड्यांचा प्रश्नही जुना झालेला नाही.