चार पिढ्यांचे देणे

आळंदीहून पुण्याकडे येताना विश्रांतवाडी लागते. एका अंगाला लोहगावचा विमानतळ, दुसऱ्या अंगाला खडकीची छावणी. या परिसरात निवृत्त सैनिकांची घरे पुष्कळ. अशा घराच्या भिंतीवर गणवेशातील एखादी तसबीर असते; कधी शेजारी तिच्याहून जुनी दुसरीही असते. पाहुणा ती पाहतो, घराण्याच्या परंपरेचा गौरव करतो आणि चहाकडे वळतो. ‘परंपरा’ या एका शब्दाने आपण फार स्वस्तात सुटतो. त्या शब्दाची किंमत कोण चुकवितो हे जाणायचे, तर याच पुण्यात जन्मलेल्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचे अल्पायुषी चरित्र आठवावे.

त्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० चा. घराणे मूळचे पंजाबातील सरगोध्याचे. फाळणीने ते गाव परके झाले. घराण्यात सांगत आले त्याप्रमाणे पणजोबा खालसा फौजेतून चिलियांवालाच्या लढाईत इंग्रजांविरुद्ध लढले होते. आजोबा पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याच इंग्रजांच्या सैन्यात होते. वडील स्वतंत्र भारताच्या सैन्यात अभियंता दलाचे अधिकारी झाले आणि पुढे ब्रिगेडियर पदापर्यंत पोहोचले. तीन पिढ्या आणि तीन निशाणे! तेव्हा हा वारसा आंधळ्या अनुकरणाचा नव्हता. प्रत्येक पिढीला आपले कर्तव्य नव्याने निवडावे लागले होते.

अरुण यांनीही ते निवडले. १९६७ मध्ये ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले आणि १३ जून १९७१ रोजी पूना हॉर्स या रेजिमेंटमध्ये अधिकारी म्हणून रुजू झाले. १८१७ मध्ये उभ्या राहिलेल्या या घोडदळाच्या हाती आता रणगाडे आले होते. तिचेच प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १९६५ च्या युद्धात धारातीर्थी पडले होते व त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले होते. नव्या अधिकाऱ्यासमोर असा आदर्श होता. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांचे प्रशिक्षण चालू असतानाच डिसेंबरमध्ये युद्ध पेटले आणि ते आघाडीकडे निघाले. सामानात त्यांनी समारंभाचा गणवेश आणि गोल्फच्या काठ्या घेतल्या होत्या. एकविसाव्या वर्षी माणूस परतण्याच्याच हिशेबाने निघतो.

शकरगढ विभागात बसंतर नदीपलीकडे आपल्या पायदळाने पाय रोवला होता. अभियंता दलाचे जवान, म्हणजे त्यांच्या वडिलांच्याच दलाचे लोक, भूसुरुंग काढून वाट करीत होते. ते काम पुरे होण्यापूर्वीच पूना हॉर्सचे रणगाडे सुरुंगांच्या पट्ट्यातून पार झाले. १६ डिसेंबरच्या सकाळी जरपालजवळ पाकिस्तानी रणगाड्यांनी हल्ला चढविला. मदतीस धावलेल्या मोजक्या रणगाड्यांत अरुण यांचा ‘फामागुस्ता’ होता. सोबतच्या एका रणगाड्याला गोळा लागला, दुसऱ्याची तोफ निकामी झाली. फामागुस्ताही पेटला. मागे फिरण्याची आज्ञा आली. आपली तोफ अजून चालते आहे, तेव्हा आपण येथून हलणार नाही, असे त्यांनी कळविले. शत्रूचे चार रणगाडे त्यांनी नष्ट केले, असे मानले जाते. शेवटचा गोळा वर्मी लागला आणि तो तरुण कोसळला. पण शत्रूला ती फळी फोडता आली नाही.

त्याच दिवशी ढाक्यात शरणागती झाली. दुसऱ्या दिवशी पश्चिम सीमेवरही तोफा थांबल्या. घरी आधी पोहोचली ती युद्ध संपल्याची सुवार्ता. मुलाच्या मृत्यूची तार मागाहून आली. देश आनंदात असताना एका घरात काळोख झाला. त्यांच्या मरणोत्तर परमवीरचक्राचा स्वीकार १९७२ मध्ये त्यांच्या आईने केला.

येथे सरकारी कागदावरील हकीकत संपते. आईबापांची संपत नाही. २००१ मध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, ब्रिगेडियर खेत्रपाल आपली जन्मभूमी पाहण्यासाठी सरगोध्याला गेले. लाहोरमध्ये ब्रिगेडियर नासिर या निवृत्त पाकिस्तानी अधिकाऱ्याने त्यांचे अगत्याने आदरातिथ्य केले. निरोपाच्या आदल्या रात्री यजमानाने आपले मन मोकळे केले: बसंतरच्या त्या लढाईत अरुण त्याच्याच हातून पडले होते. त्याने त्यांच्या शौर्याला वंदनही केले. वृद्ध पित्याने ते ऐकून घेतले. क्रोध केला नाही, दोष दिला नाही. तीस वर्षांनी समोर आलेला हा प्रसंगही त्या घराण्याच्या लष्करी सेवेचाच एक भाग होता. त्यासाठी मात्र कोणतेही पदक नसते.

आज प्रबोधिनीचे संचलन मैदान खेत्रपालांचे नाव धारण करते. हे उचितच आहे. परंतु मैदानाला नाव दिल्याने समाजाचे ऋण फिटत नाही. शाळेत दर १६ डिसेंबरला विजयाचा इतिहास सांगणाऱ्या शिक्षकाने त्या तारेचीही गोष्ट सांगावी. कचेरीत शहिदाच्या घरचा अर्ज हाती येईल, तेव्हा कारकुनाने त्यामागचे घर आठवावे. पणजोबा, आजोबा आणि बाप रणातून परतले, चौथा परतला नाही. ते घर मात्र चारही वेळा वाट पाहत होते. त्या वाट पाहण्याची जाण ठेवणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.