अलेक्झांडर फ्लेमिंग

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. ते सात वर्षांचे असतानाच वडील वारले. पुढे लंडनला येऊन त्यांनी चार वर्षे एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकुनी केली. नंतर चुलत्याच्या वारशाने थोडे धन मिळाले, तेव्हा सेंट मेरी रुग्णालयात वैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी तेथेच जंतूंचे संशोधन आरंभिले.

पहिल्या महायुद्धात, जखमा चिघळून जवान मरताना त्यांनी पाहिले. जखमेवर ओतलेली जंतुनाशके खोल दडलेल्या जंतूंपर्यंत पोहोचत नसत. उलट शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशींचाच नाश करीत. जंतूंना मारील, पण शरीरास अपाय करणार नाही, अशा औषधाचा त्यांना ध्यास लागला.

१९२८ च्या सप्टेंबरात ते सुटीवरून परतले, तो जंतू वाढविण्याच्या एका बशीत बुरशी उगवलेली! दुसऱ्या कोणी ती फेकून दिली असती. फ्लेमिंग यांनी ती निरखून पाहिली. बुरशीभोवतालचे जंतू नाहीसे झाले होते. बुरशीतून पाझरणाऱ्या द्रव्यास त्यांनी पेनिसिलीन हे नाव दिले. ते शुद्ध करण्याचे अवघड कार्य पुढे ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पार पाडले.

१९४२ साली फ्लेमिंग यांच्या ओळखीचे एक गृहस्थ मेंदूच्या आवरणाला सूज येऊन मरणोन्मुख झाले. फ्लोरी यांनी आपल्याजवळचे मोलाचे पेनिसिलीन पाठविले. ते स्नायूत टोचल्यावर थोडा उतार पडला; परंतु मेंदूभोवतीच्या द्रवात औषध उतरेना. रक्तातील वाटेल तो पदार्थ मेंदूत शिरू नये, म्हणून निसर्गाने तेथे जणू तटबंदीच घातली आहे. तेव्हा फ्लेमिंग यांनी धाडस केले. तोच द्रव पाठीच्या कण्यातही असतो; तेथे त्यांनी सुई टोचून औषध घातले. रोगी खडखडीत बरा झाला.

मेंदूत गळू झाले असता आजही ही तटबंदी ओलांडणारीच औषधे निवडावी लागतात. बहुधा शस्त्रक्रियेने पू काढून ती सहा ते आठ आठवडे देतात.

१९४५ साली फ्लेमिंग, फ्लोरी व चेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. औषध अपुरे घेतल्यास जंतू त्याला दाद देईनासे होतील, असा इशारा फ्लेमिंग यांनी त्याच वेळी दिला होता. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे पेनिसिलीनसाठी सरकारी कंपनी स्थापन झाली. पुढील वर्षी, ११ मार्च १९५५ रोजी, फ्लेमिंग निवर्तले. वैद्याने सांगितलेले औषध नेमाने पूर्ण घेणारा प्रत्येक रोगी त्यांच्या त्या इशाऱ्याचा मान राखतो.